हलक्या पिना

बुधवारची दुपार. बायकांच्या बोलिंग लीगचा दुसरा गेम संपला आणि इर्मा क्लाइन तरातरा काउंटरवर आली. "नऊ नंबरच्या लेनवरच्या पिनांचं वजन करा. आत्ता. माझ्यासमोर."

"अगं, तू तर तीनशेपैकी दोनशे चव्वेचाळीस केलेस!" लीगची सेक्रेटरी बर्निस म्हणाली. "तक्रार हरणाऱ्याने करायची असते."

"म्हणूनच करतेय. एकाहत्तर वर्षांची आहे मी, दोन्ही गुडघे गेलेत. आज चुकीच्या जागी लागलेल्या बॉलनेही दहाच्या दहा आडव्या! माझ्यावर एवढी मेहेरबानी कुणाची?"

सगळ्याजणी हसल्या. आज तिच्याविरुद्ध खेळणाऱ्या टीमची हॅटी गुरस्की मात्र हसली नाही. त्याच लेनवर तिने आज एकशे बावन्न केले होते. वर्षभरात तिचा उजवा हात वाळत चालला होता. कॉफीचा मगही दोन्ही हातांनी धरावा लागे. चौदा पौंडांचा बॉल सुटला आणि ती पोरासोरांच्या सहा पौंडांच्या बॉलवर आली. नोव्हेंबरात तिचे सत्तरसुद्धा होत नव्हते. पण नाताळापासून आकडे चढायला लागले, आणि दर बुधवारी ती स्कोअरचा कागद घरी नेऊन फ्रिजवर लावायला लागली. हात परत येतोय, असं ती भेटेल त्याला सांगायची. आम्हीही हो म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

पिना उभ्या करणारी मशिनं सांभाळणारा हॅटीचा नवरा, रोमन, फडक्याला हात पुसत मागून आला. "आज राहू दे, बर्निस. एक गेम बाकी आहे अजून."

"आण रे," हॅटी म्हणाली. "इर्माची खात्री होऊन जाऊ दे, नाहीतर आठवडाभर आपलं डोकं खाईल."

रोमन जागचा हलेना. शेवटी बर्निसच मशिनमागे गेली आणि नऊ नंबरच्या दोन पिना काखेत मारून आली. शुक्रवारच्या जेवणाचे मासे तोलायचा काटा किचनमधून मागवला. पहिली पिन तीन पौंड दोन औंस. दुसरी तीन पौंड एक.

"तीन पौंड सहाच्या खाली चालत नाही," बर्निस पुटपुटली. मग तिने शेजारच्या लेनवरची एक आणून ठेवली. तीन पौंड सात.

"पाच-सहा औंसांनी असा काय फरक पडतो?" नवीन आलेल्या एकीने विचारलं.

"काय पडतो? जड पिनेवर हळू बॉल आदळला की बॉलच बाजूला सरकतो, मागच्या पिना आपल्या मजेत उभ्या. हलकी असली की उडते, चार जणींना घेऊन पडते. अगं, ह्या पिनांवर माझ्या नातवाने फुगा सोडला तरी शंभर हो..." इर्माचं लक्ष हॅटीच्या चेहऱ्याकडे गेलं.

"नऊवर आमची टीम आजच आली," हॅटी सावकाश म्हणाली. "मागच्या बुधवारी चौदावर होतो. त्याआधी तीनवर." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पिना काय माझ्या मागे चालत येतात, रोमन?"

रोमनने फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "जुन्या आहेत. बॉयलरमागे पडून होत्या, वाळून हलक्या झालेल्या. मंगळवारी मी त्या तुझ्या लेनच्या मशिनमध्ये भरतो."

"दर मंगळवारी?"

"तू खेळ सोडते म्हणालीस. अंथरुणातून उठेनास. मला बघवेना गं. आणि पहिल्याच बुधवारी शंभर करून आलीस, तर गाडीत घरापर्यंत गात होतीस."

"माझं तोंडच मेलं वाईट," इर्मा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बर्निस, ठेव तो काटा आत. मी काही बोलले नाही, कुणी काही मोजलं नाही."

बर्निसने काटा उचलला. हॅटीने काउंटरवरची जड पिन उजव्या हाताने मानेशी पकडली आणि वर ओढली. पिन बोटभर उचलली गेली आणि निसटली. डावा हात तिने मुद्दामच लावला नाही.

"जानेवारीत डॉक्टरांचा फोन आला होता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा. "मी अंघोळीला गेले होते, फोन तू घेतलास. रोग थांबलाय म्हणाले, असं तू मला सांगितलंस."

"चल, घरी जाऊ या."

"सांगितलंस ना?"

रोमन हूकवरून तिचा कोट काढून घेऊन आला. अलीकडे कोट तोच घालायचा तिला, दुखऱ्या हाताची बाही आधी. आताही त्याने उजवी बाही उघडून तिच्यापुढे धरली.

"डॉक्टर काय म्हणाले होते, रोमन?"

तो बाही धरून उभा राहिला. तिने हात पुढे केला नाही.