उसनी कळ

सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंचा हात थांबला. त्यांनी यंत्र मुलीच्या कमरेवरून पुन्हा फिरवलं, चष्मा वर सरकवला आणि पडद्याजवळ मान नेली.

"डावीकडेच दुखतं ना?"

"हो," मुलगी म्हणाली. आता आपलं बिंग फुटणार!

कारण कंबर तिची मुळीच दुखत नव्हती. दुखायचं ते ओटीपोटात, दर पाळीला, जीव नको होईल इतकं. वर्षभर ती सांगत होती. पण पाळी अगदी वेळेवर यायची, त्यामुळे आईसकट सगळ्यांचं एकच, सगळ्यांनाच दुखतं गं, त्यात काय एवढं? घरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भाऊ तिला 'नाटककंपनी' म्हणायला लागला. त्या घरात मान होता तो एकाच दुखण्याला, बाबांच्या मुतखड्याला. तो खडा त्यांनी बाटलीत घालून टीव्हीशेजारी ठेवला होता आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे.

शेवटी तिनं बाबांचीच कळ उसनी घेतली. सकाळी कमरेवर हात दाबून, भिंतीला टेकून, ती हुबेहूब त्यांच्यासारखी कण्हली. बाबा वर्तमानपत्र टाकून उठले. तासाभरात सगळे दवाखान्यात! आईनं तर डॉक्टरांना सांगून टाकलं, "लघवीलाही जळजळ होते हो हिला. दोन दिवस तापही होता." मुलगी बघतच राहिली. घाबरून काहीही बोलतेय बिचारी, असं वाटून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बाळ," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या डाव्या बाजूला किडनीच नाहीये."

आईनं टेबलाची कड धरली. मुलीला रडूच फुटलं. खोटं बोलायचं ते बोलायचं, आणि दुखते म्हणून सांगायची ती नेमकी नसलेली किडनी!

"मी खोटं बोलले. कंबर दुखतच नाही. पाळीत पोट दुखतं, पण ते कुणाला खरंच वाटत नाही."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून बसल्या. "पाळीत? थांब, हलू नकोस." त्यांनी यंत्र खाली ओटीपोटावर आणलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग एका कागदाच्या मागे चित्र काढलं.

"हे बघ. तुला गर्भाशयं दोन आहेत. उजव्याची वाट मोकळी आहे, म्हणून पाळी वेळेवर येते. डाव्याच्या वाटेवर जन्मापासून पडदा आहे. त्याचं रक्त बाहेर येतच नाही, आत साठत जातं. दुखणार नाही तर काय? फार थोड्या मुलींना असतं हे. आईच्या पोटात किडनी आणि गर्भाशय जोडीनं घडतात. किडनी जागेवर दिसली असती, तर मी खाली इतकं शोधलंच नसतं."

"मग आता?" आईनं विचारलं.

"तो पडदा काढायचा. छोटं ऑपरेशन. एका किडनीवर माणूस सुखानं जगतो."

ऑपरेशननंतरची दुसरी पाळी आली, तीही मुलीला संध्याकाळी कपडे बदलताना कळली. सकाळपासून ती शाळेत होती, जिने चढत होती, हसत होती. न्हाणीघरातच ती रडली. त्या डॉक्टरबाईंचे, त्या कागदाचे, कधी न घडलेल्या किडनीचेसुद्धा तिनं मनातल्या मनात आभार मानले. टीव्हीशेजारची बाटली तोवर गुपचूप कपाटात गेली होती आणि भाऊ तिला नावानं हाक मारायला लागला होता.

आई इस्त्री करत होती. मुलगी जवळ जाऊन उभी राहिली.

"आई, त्या दिवशी मी तुला फसवलं. सॉरी."

"मला?" आईनं शर्टाची कॉलर उलटवली. "अगं, बावीस वर्षं तुझ्या बाबांचं कण्हणं ऐकतेय मी. त्यांचं कण्हणं तुझ्या तोंडून ऐकलं आणि लगेच ओळखलं."

"मग ती जळजळ? ताप?"

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. तिचे डोळे भरले होते.

"म्हटलं, माझ्या पोरीला एवढं खोटं बोलावं लागतंय, म्हणजे दुखणं खरंच असणार."