वाटीभर

लिफ्ट तिसरा मजला सोडून वर चढली आणि मध्येच हिसका देऊन थांबली. पंखा बंद पडला. छतातला छोटा दिवा तेवढा जळत राहिला.

आत दोघंच होते, सासरे आणि सून. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावरची पट्टी बदलून ते परत येत होते. घर चौथ्या मजल्यावर. तिथे सासूबाई तान्ह्या नातीला घेऊन बसल्या होत्या. दवाखान्यात नको तेवढा वेळ मोडला होता आणि पोरीची पाजायची वेळ केव्हाच टळून गेली होती. बाटलीला ती तोंड लावत नसे.

वॉचमनने वरून पहार घालून दार वीतभर उघडलं. चौथ्या मजल्याची फरशी सुनेच्या कपाळापर्यंत येत होती. फटीतून त्याचे बूट दिसत होते, बाकी काही नाही.

"मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे," बुटांच्या वरून आवाज आला. "निघतो म्हणालाय. तोवर डोकं बाहेर काढू नका."

त्याच वेळी घराचं दार उघडलं आणि पोरीचं रडणं थेट लिफ्टमध्ये उतरलं.

ते कानावर पडताच सुनेचा कुडता ओला झाला. छाती मघापासून दगडासारखी झाली होती, आता काखेपर्यंत ठणका लागला. ओढणी पुढे घेऊन ती कोपऱ्याकडे वळली. पण लिफ्ट होतीच केवढीशी. कुठल्याही कोपऱ्यात गेलं तरी ती सासऱ्यांपासून हातभरावरच राहत होती.

बुटांच्या जागी सासूबाईंच्या सपाता आल्या.

"अगं, काही केल्या राहत नाहीये. रडून रडून आवाज बसलाय तिचा. ही वाटी उकळून आणलीय. हाताने काढून दे, मी चमच्याने पाजते."

सुनेने ओढणी आणखी घट्ट ओढून घेतली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून सासरे तिच्याशी थेट असे कधी बोललेच नव्हते. 'तिला सांग, माझं जेवण झाकून ठेव.' 'तिला विचार, भाऊ कधी येणार आहे.' सगळा कारभार सासूबाईंमार्फत. आज दवाखान्यातही ते डॉक्टरांकडे बघूनच तिला निरोप देत होते. आता सासूबाई वर होत्या आणि मध्ये सांगायला कोणी नव्हतं.

त्यांनी फटीतून वाटी घेतली. भिंतीकडे तोंड केलं आणि हात पाठीमागे करून वाटी तिच्यापुढे धरली.

"एका डोळ्यावर पट्टी आहे," ते म्हणाले. "दुसरा मिटलाय."

वर सासूबाईंनी वॉचमनला जिन्याने खाली पिटाळलं, फटीवर चादर टाकली आणि पोरीला घ्यायला आत गेल्या.

सुनेने जवळच्या बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. वाटी घेतली. बटणं काढली. अंगठा वर, बोटं खाली, आधी छातीकडे दाबायचं, मग दोन्हीकडून आवळायचं, हे तिला बाळंतपणात नर्सने दाखवलं होतं. तिने दाबलं. पुन्हा दाबलं. मघाशी आपणहून पाझरणारं दूध आता बाहेर यायचं नाव घेईना. चार थेंब आले आणि वाटीच्या तळाला चिकटले. समोर पांढऱ्या शर्टाची पाठ. तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"होत नाहीये," ती कशीबशी म्हणाली.



"हिचंही असंच व्हायचं," ते भिंतीशी बोलावं तसं हळू बोलले. "थोरल्याच्या वेळी."

तिचा हात थांबला. तिच्या नवऱ्याला भाऊ नव्हता. निदान तिला कोणी सांगितलेला नव्हता.

"तो काचेच्या पेटीत होता. अंगावर प्यायची ताकद नव्हती. ही घरी काढायची आणि मी वाटी घेऊन जायचो. चालत. सायकलवर सांडलं असतं. हिची धार सुटेना की मी गरम फडकं पिळून द्यायचो. शेकलं की सुटायची." ते थांबले. "मग एक दिवस वाटी न्यायचं काम उरलं नाही. दुधाला ते कसं कळणार? ते येतच राहिलं. ही मोरीत बसून पिळून टाकायची. मी वरून पाणी ओतायचो."

सुनेने ओढणीचं टोक तळहाताच्या उबेत धरलं आणि छातीवर दाबून ठेवलं. हळूहळू बाहेरून आत, गाठीवरून बोटं फिरवली. कधीतरी तिचा श्वास मोकळा झाला. मग अंगठ्याखाली काहीतरी सैल झालं आणि धार वाटीच्या कडेवर चर्र वाजली.

तो आवाज झाल्याबरोबर सासरे खाकरले. डोळा मिटूनच भिंत चाचपली, तिथल्या पत्र्यावरची उठावदार अक्षरं बोटांनी लावली आणि मोठ्याने वाचायला लागले. "सहा माणसं. फक्त सहा माणसं. जास्त भार घेऊ नये." संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

वाटी भरत आली तेव्हा तिने ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही हातांनी धरून फटीतून वर, पोरीला घेऊन परत आलेल्या सासूबाईंकडे सरकवली. एक थेंब सांडला नाही.

रडणं आणखी थोडं चाललं, मग अडखळलं. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज येऊ लागला.

मेकॅनिकचा पत्ता नव्हता. दिवा मंद होत चालला होता. घामाने भिजलेल्या सुनेने बटणं लावली आणि भिंतीला पाठ टेकली.

"बाबा, वळा आता. झालं."

सासरे वळले नाहीत.

"दुसरी बाजू राहिली असेल," ते म्हणाले. "तशीच ठेवलीस तर रात्री ताप भरेल. वाटी रिकामी होऊन येऊ दे. मी उभा आहे."