ओरेस्टचे पहिले कपडे

हात कोपरापर्यंत धुऊन डार्का पाळण्यापाशी आली आणि तिथेच थबकली. ओरेस्टच्या अंगात कपडे होते.

पांढरा बॉडीसूट, पोटावर बदक, मांड्यांमधली टिचबटणं ओळीने लावलेली. उशाशी एक कार्ड चिकटवलेलं. 'आज मी पहिल्यांदा कपडे घातले.' रंगीत अक्षरं, खाली फोटो, फोटोखाली रात्रपाळीच्या नर्सचं नाव आणि नावापुढे एक लाल बदाम.

डार्काच्या पिशवीत पिवळा बॉडीसूट होता. घरी धुतलेला, इस्त्री केलेला. वीतभर कापडाला इस्त्री कोण करतं म्हणा. पण बाईला दुसरं करायला ठेवलं होतं काय? मूल दिवस भरायच्या आत आलं ते थेट काचेच्या पेटीत गेलं. दूध नळीने, ते नर्स देणार. अंघोळ नर्स घालणार. पेटीतून उघड्या पाळण्यात आला की कपडे घालायचे, असं सगळे सांगत होते. तेवढं एक काम डार्काने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. मनातल्या मनात ठेवलं, बोलली कुणाला नाही. तिथेच तर घोडं पेंड खातं.

"आलात का, आई?" दिवसपाळीची मारिव्हिक म्हणाली. त्या वॉर्डात सगळ्या बायकांना 'आई'च म्हणतात, नावं लक्षात ठेवायला नकोत. "पहाटेच बाहेर आला पेटीतून. किती गोड दिसतोय बघा."

"मी कपडे आणलेत त्याला."

"अरे वा. उद्या घालू."

"आत्ता घालते."

"आत्ता नको हो. नुकता डोळा लागलाय. उगाच उघडा केला तर गारठेल, वजन उतरेल, मग परत पेटी. तीन तासांनी एकदाच हात लावायचा, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. इथल्या बायकांचं सगळं बरोबरच असतं, हाच तर वैताग. कुणी वाकडं वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. बदाम काढणाऱ्या बाईशी कसलं भांडायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तेवढ्यात तिचा नवरा ट्रेंट गाडी लावून, बर्फाने ओले झालेले बूट पुसत आला. त्याने कार्ड वाचलं, फोटोचा फोटो काढला.

"मस्तच की. आईला पाठवतो."

"पाठव. आणि नर्सने घातले, तेही सांग."

"अगं, कुणी का घातले असेनात. त्याला आठवणार आहे का?"

"मला आठवणार आहे," डार्का म्हणाली.

हात लावायची वेळ झाली तेव्हा मारिव्हिकने डायपर बदलला. बॉडीसूट कोरडा ठणठणीत होता, तो काढायला काही कारणच नव्हतं. डार्का खुर्चीत बसून राहिली. मांडीवरच्या पिवळ्या बॉडीसूटची टिचबटणं लावायची, उघडायची, परत लावायची. शेवटी शेजारच्या पाळण्याजवळचा बाप वळून बघायला लागला.

दुपारी ओरेस्ट कण्हला, लालबुंद झाला. मग एक आवाज आला. एवढ्याशा देहातून असा आवाज येईल, असं कुणाला वाटलं नसतं. मारिव्हिकने पांघरूण उचललं. शी डायपर सोडून पाठीवर, पाठीवरून मानेपर्यंत गेली होती. पुढचं बदकसुद्धा वाचलं नव्हतं.

मारिव्हिकने सवयीने हातमोजे चढवले आणि वर पाहिलं. डार्का समोर उभी होती. मुठीत पिवळा बॉडीसूट, डोळ्यांत पाणी. मारिव्हिकने एकदा उशाच्या कार्डाकडे पाहिलं. मग मोजे काढून टाकले.

"मी समोरच्या टेबलाशी आहे," ती म्हणाली. "कपड्याचा गळा खाली ओढून पायांकडून काढा, डोक्यावरून नको. आणि छातीला लावलेल्या मशीनच्या वायरी बटणांच्या मधून बाहेर घ्या."

ती जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसली.

"बोलवू का गं तिला?" ट्रेंट म्हणाला.

"बोलवून तर बघ."

ओरेस्टला पुसून नवा डायपर लावला. पण हात कसले, काडेपेटीतल्या काड्या. एक बाहीत घालावा तर दुसरा निसटायचा. ओरेस्टने भोकाड पसरलं, मशीन टुणटुणायला लागलं. मारिव्हिकने टेबलावरच्या पडद्यावर आकडे पाहिले, पण ती मागे वळली नाही. "मेली बटणं," डार्का पुटपुटली, "कुठल्या शहाण्याने केलीत ही." तिला घाम फुटला होता. मधली वायर बाहेर आली, तर कडेची आत राहिली. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा लावलं.

अखेर जमलं. पिवळा रंग, बाह्या हातांहून लांब, आणि खाली एक टिचबटण जोडीदाराविना उरलेलं.

मारिव्हिक आली. तिचा हात आपोआप त्या बटणाकडे गेला, मध्येच थांबला आणि ओरेस्टच्या तळपायाला लागला.

"उबदार आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी पाळी बदलली. रात्रीची नर्स, तीच बदामवाली, पाळण्यापाशी उभी राहून दिवसाची हकिकत ऐकत होती. डार्का खुर्चीतच होती.

"वजन वाढलंय," मारिव्हिक सांगत होती. "दूध सगळं पचलं. शी भरपूर." आणि त्याच आवाजात पुढे, "खालचं एक बटण चुकलंय. ते त्याच्या आईने लावलंय. त्याला कुणी हात लावायचा नाही."