हिच्या गुडघ्यांसाठी

यादवराव पगारे टबात बसले ते मोठ्या झोकात. उठायचं कसं, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

बाहेर हिरामण गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन उभा होता. बाथरूमचं दार त्यानं सकाळीच उचकटून भिंतीला टेकवलं होतं. दाराच्या जागी शकुबाईंनी फुलाफुलांची चादर लटकवली होती. यादवरावांची अब्रू त्या घडीला चादरीच्या दोन खिळ्यांवर होती.

"काका, झालं का?"

"साबण लावतोय."

"मघाशी बी साबणच लावत व्हते."

"अंग मोठं आहे, हिरामण."

टब बिडाचा, चार पंजांवर उभा. देवळाली कॅम्पातला एका इंग्रज साहेबाचा जुना बंगला पाडला, तेव्हा यादवरावांनी तो भंगारवाल्याकडून उचलून आणला. आधी टब ठेवला आणि मग त्याच्याभोवती बाथरूम बांधलं. विमानाच्या कारखान्यात फोरमन असलेल्या माणसाच्या घरी टब पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ओझरच्या कारखान्यातून कुणी सहकारी आला की घर दाखवायची सुरुवात तिथूनच व्हायची. बाकी टब भरून त्यात पसरण्याचं भाग्य आजवर कुणाला लाभलं नव्हतं. नळाच्या पाण्यात एक तर टब भरला असता, नाही तर स्वयंपाक झाला असता. त्यामुळे घरातले सगळे रोज तो उंच काठ ओलांडून आत उभे राहायचे आणि बादलीनं अंघोळ करायचे. लेकीच्या, तेजलच्या लग्नात मात्र त्यात कलिंगडं फार छान गार झाली होती.

मग शकुबाईंचे गुडघे आडवे आले.

"मला आता हा काठ ओलांडवत नाही," त्या एक दिवस म्हणाल्या. यादवरावांनी आधी टबाला नवा रंग देण्याचा तोडगा काढला. रंगानं काठ खाली येत नाही, असं शकुबाईंनी दाखवून दिलं. शेवटी यादवरावांनी मोठ्या मनानं होकार दिला. टब फोडायचा, फरशी सपाट करायची, बसायला स्टूल आणि धरायला भिंतीत स्टीलची दांडी. मग ते कॉलनीभर सांगत फिरले, "हिच्या गुडघ्यांसाठी करतोय. माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

बायकोच्या गुडघ्यांपायी त्यांनी बरंच सोसलं होतं. तिला खाली बसवेना म्हणून जेवण टेबलावर आलं. तिला एकटीला टेबलावर बरं वाटेना म्हणून त्यांनीही खुर्ची घेतली. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना ती मध्येच मटकन बसली, तेव्हा नाइलाजानं त्यांनाही बसावं लागलं. "तुझ्यामुळे वरच्या मूर्ती राहिल्या," असं ते उतरताना दोनदा म्हणाले. रात्री ती तेल कोमट करून गुडघ्यांना चोळायची आणि म्हणायची, "उरलंय थोडं. वाया कशाला घालवा?" यादवराव पाय पुढे करायचे. काटकसर म्हणून.

आज टबाचा शेवटचा दिवस. एकदा तरी साहेबासारखं पडावं म्हणून त्यांनी गिझर लावला, टब भरला, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सांभाळत आत उतरले आणि गळ्यापर्यंत बुडाले. कॅम्पातला तो साहेब मायदेशी का परत गेला असेल, हे त्यांना कळेना.

पाणी निवल्यावर त्यांनी उठायचं ठरवलं. गुडघ्यांनी ते ऐकलं नाही. काठ धरला, हात सटकला. कुशीवर वळले, तिथेच अडकले. पाण्याचा भार कमी व्हावा म्हणून त्यांनी बूच ओढलं. टब रिकामा झाला, पण यादवराव आहे तिथेच राहिले. आता ते ओले होते, थंड होते आणि परातीत उताण्या पडलेल्या खेकड्यासारखे दिसत होते.

"काका, आवाज कसला झाला? येऊ का आत?"

"खबरदार चादरीला हात लावलास तर!"

हिरामण मागे सरला. यादवरावांनी पुन्हा एकदा काठ धरून पाहिला. मग हलकेच म्हणाले, "अगं ए... जरा इकडे ये. एकटीच ये."

शकुबाई आत आल्या. त्यांनी सगळं पाहिलं. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साबणानं घसरतंय," यादवराव म्हणाले.

"हो. साबणच तो."

त्यांनी पदर खोचला. घरचा उंबरा ओलांडावा तसा काठ ओलांडून त्या टबात उतरल्या, नवऱ्यासमोर उकिडव्या बसल्या, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला घेऊन सरळ उभ्या राहिल्या.

यादवराव त्यांच्या पायांकडे बघत राहिले. "तुझे गुडघे..."

"बोलू नका. दम लागेल."

टॉवेल गुंडाळून ते बाहेरच्या खुर्चीवर टेकले, तेव्हा हिरामण पेन्सिल घेऊन भिंतीपाशी पोचला होता. "काकू, आधी दांडीची खूण करून घेतो. हात धरा जरा. तुमच्या मापानंच लावायची ना?"

"माझ्याच. दुसऱ्या कुणाला लागणारे?" शकुबाईंनी हात भिंतीला लावला. मग हळूच वर सरकवला. आणखी थोडा वर. टाचा उचलल्या. त्यांच्या स्वतःच्या कामाची उंची कधीच खाली राहिली होती.

"थांब, हिरामण," यादवराव म्हणाले.

खुर्चीचे दोन्ही हात धरून ते उठले. वेळ लागला, पण आज लपवला नाही. भिंतीपाशी येऊन त्यांनी शकुबाईंच्या हाताशेजारी आपला हात टेकवला. दोन्ही हात एकाच रेषेत आले.

"माझ्या मापानं लाव. हिच्या गुडघ्यांना काय झालंय?"