वल्हांडणाचं हाड

गरिज्जीम या देवाच्या पवित्र डोंगरावर वल्हांडण सणाचं भाजलेलं मेंढरू रिवाजाप्रमाणे उभ्यानंच, घाईघाईनं खायचं होतं. युक्रेनहून लग्न करून आलेल्या लेसियाचा हा पहिलाच सण. “बळीच्या मेंढराचं एकही हाड मोडायचं नसतं, बरं का,” सासूनं सगळ्यांदेखत टोमणा मारला, “माहेरी सूपसाठी फोडायचीस तसं.” जाऊबाई हसल्या. लेसियानं मान खाली घालून मांस ओढलं आणि तिच्या मुठीत काडकन आवाज झाला. सगळं कुटुंब खायचं थांबलं. पुरोहितानं दचकून विचारलं, “काय मोडलं?” लेसियानं मूठ घट्ट मिटली. “काही नाही हो, माझा गुडघा वाजला,” सासू म्हणाली, “जेवा तुम्ही.” नंतर तिनं लेसियाच्या मुठीतले तुकडे गुपचूप बाकीच्या हाडांबरोबर आगीत टाकले. घरी जाताना सासू लंगडत होती. “आई, आता कुणी बघत नाही,” लेसिया पुटपुटली. सासूनं वळून शिखराकडे पाहिलं आणि ती लंगडतच राहिली.