वर्षं किती?

"अहो, छकुलीला पेन्सिलींचा डबा कुणाबरोबर पाठवलात?" बायकोने फोनवर विचारलं.

इंजिनियर प्रशिक्षण केंद्राच्या जिन्यात चहा पीत होता. त्याने काहीच पाठवलं नव्हतं.

"शाळेच्या फाटकाशी एक माणूस आला होता. बाबांनी दिलाय म्हणाला. तिला घरातल्या नावाने हाक मारली हो त्याने!"

"असेल ऑफिसातला कुणीतरी," तो कसाबसा म्हणाला. फोन ठेवला आणि जिन्यातच बसकण मारली. सकाळी आलेला फोन त्याला आठवला. अनोळखी नंबर, दबका आवाज, प्रश्न एकच: "वर्षं किती?"

बास झालं आता, त्याला वाटलं. खेळ म्हणजे खेळ, पण म्हणून थेट पोरीपर्यंत?

खेळ असा होता. सरकारी अधिकाऱ्यांनी खासगी कंपन्यांशी भागीदारीचे करार कसे करावेत, याचं हे प्रशिक्षण. वर्गाचे दोन गट पाडले होते. इंजिनियरचा गट सरकार, समोरचा कंपनी. कंपनीने पाण्याचा प्रकल्प स्वतःच्या पैशाने उभारायचा आणि ठरावीक वर्षं चालवून पैसा वसूल करायचा. सरकार जास्तीत जास्त किती वर्षं देणार, हे गुपित. ते इंजिनियरने सांभाळायचं आणि कंपनीने काढून घ्यायचं. "बाहेरच्या जगात जे जे होतं, ते सगळं इथे चालेल," प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी मिश्या कुरवाळत बजावलं होतं.

प्रकल्प मात्र खराखुरा घ्या, असंही सर म्हणाले होते. इंजिनियरने आपल्याच शहराचा घेतला, नाव तेवढं बदललं. नवीन गणितं मांडत कोण बसणार? खऱ्या फायलीतला गुपित आकडाही आयताच होता: बावीस.

कंपनीची म्होरकी होती महसूल खात्यातली एक खमकी बाई. सगळा वर्ग तिला आक्का म्हणायचा. इंजिनियरने तिला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"आक्का, घरापर्यंत जायची काय गरज होती?"

"का, घाम फुटला का साहेबांना?" आक्का खो खो हसली. "अजून काय बघितलंय तुम्ही! आम्ही कुठवर जातो ते बघाच. त्यापेक्षा गुमान वर्षं सांगा आणि मोकळे व्हा."

आजूबाजूचेही फिदीफिदी हसले. सरांकडे तक्रार करावी, असं त्याच्या मनात आलं. पण लुटुपुटीच्या खेळात इंजिनियर घाबरला, ही बातमी साऱ्या खात्यात फिरली असती. तो तसाच वर्गात परतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकोचा पुन्हा फोन. ती रडत होती. "तोच माणूस समोरच्या फुटपाथवर उभा आहे. खिडकीकडे बघून हात हलवतोय. मी छकुलीला आतल्या खोलीत बसवलंय. तुम्ही या ना हो!"

"दार लावून घे. मी बघतो."

खेळ आहे, खेळच आहे, असं तो मनाला बजावत होता आणि मन ऐकत नव्हतं. कुणाला तरी पैसे देऊन तिथे उभं केलं असेल. पण त्या माणसाचं डोकं फिरलं तर? तेवढ्यात तोच अनोळखी नंबर वाजला.

"वर्षं किती?"

"बावीस!" तो ओरडलाच. "बावीस वर्षं. हरलो मी. पण त्या माणसाला आधी तिथून हलवा हो!"

"बरं," पलीकडून उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

थोड्याच वेळात बायकोने कळवलं, माणूस गेला. इंजिनियर खोलीचं दार लावून हमसून हमसून रडला. वर्गात नाक कापलं जाईल तर जाऊ दे, त्याने ठरवलं.

शेवटच्या दिवशी कंपनीने वर्गासमोर मागणी ठेवली: तीस वर्षं! सरांनी गुपित आकडा जाहीर केला आणि सरकार जिंकलं. टाळ्या पडल्या. इंजिनियर आधी चक्रावला, मग त्याचा जीव भांड्यात पडला. आक्काने मन मोठं करून त्याची लाज राखली होती. त्याला लगेच निघायचं होतं. ऑफिसात त्याच खऱ्या प्रकल्पासाठी कंपन्यांनी निविदा भरायची मुदत संध्याकाळी संपत होती. जाता जाता तो आक्काजवळ थांबला.

"उपकार झाले, आक्का. फोनवर आकडा सांगितला, तरी तुम्ही तो वापरला नाहीत."

आक्काने कपाळाला आठ्या घातल्या.

"कसला फोन, साहेब? आमच्या गटाचे फोन तर सरांनी पहिल्याच दिवशी कपाटात कोंडलेत. अजून मिळायचेत."