मडक्यातलं मूल

“आई, दुधात वावडिंग नका घालू!” केतकीने सासूबाईंच्या हातातलं पातेलं जवळजवळ हिसकावलंच. “ओवीचे जंत मरतील ना!”

“काय बाई जमाना! आम्ही जंत पाडायचो, तुम्ही पाळता.”

जगातून जंत संपले, तशी मुलांची शरीरं साध्या दुधाशीही वैर धरू लागली होती. मग कुठल्याशा नदीकाठी, एका प्राचीन घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून पुरलेल्या दोन मडक्यांत एका मुलाचा सांगाडा सापडला. त्याच्या पोटाच्या जागी असलेल्या मातीत जंतांची अंडी होती, हजारो वर्षं निजलेली. प्रयोगशाळेने ती जागवली, वाढवली आणि मागच्या महिन्यात ओवीला पाजली.

आज ओवी पहिल्यांदाच दूध प्यायली. केतकी तिच्या गळ्याकडे टक लावून बसली. सूज नाही, धाप नाही. ओवीने पेला पुढे केला. “अजून!”

पोट भरल्यावर ती मांडीवरच पेंगली. मडक्यातलं ते मूल अंधारात एकटं पडू नये म्हणून त्याच्या आईने त्याला घरातच पुरलं असेल, केतकीला वाटलं, आणि त्या जागेवर अंथरूण घालून झोपत असेल. ओवीच्या पोटावर थोपटताना तिचा हात आपोआप हलका झाला. आता ओवीबरोबर त्या मुलालाही निजवायचं होतं.